बाटलीवर २०००, आत ३३३

आईची शेवटची केमो होऊन आठ महिने झाले होते. गाठ गेली, केस परत आले, मंगळवारचं भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं. पाय मात्र परत आले नाहीत. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळपायांच्या नसा दुखावतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. 'थोड्या मुंग्या येतील' असं. रात्री अडीच वाजता मोरीत गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेली आई त्या 'थोड्या मुंग्यां'मध्ये कुठेच बसत नव्हती. "तव्यावरून चालल्यासारखं होतं रे," एवढंच म्हणायची. नसांच्या दुखण्यावरचं प्रिगाबॅलिन चालू होतं. ते दिवसा झापड आणायचं आणि रात्री नेमका दगा द्यायचं.

अशात टोरांटोहून भाच्याचा फोन आला. "मामा, आजीला फेको दे."

मला वाटलं काहीतरी फेकायला सांगतोय. मग कळलं, फुल एक्स्ट्रॅक्ट कॅनाबिस ऑइल, त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून फेको. म्हणजे गांजाचं तेल. तिकडे गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, हे तेलही आता दुकानात मिळतं, याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी आईला त्याने झोप लागायला लागली होती. "डिसेंबरमध्ये येतोय, बॅगेत टाकून आणतो. एवढीशी सिरिंज असते."

मी राहतो नाशकात, कॅनडा कॉर्नरजवळ. बायको म्हणाली, "कॅनडा कॉर्नरला थेट कॅनडाचा माल!" आम्ही हसलो आणि मी त्याला 'आण' म्हणून टाकलं. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी बराच शहाणा दिसणार आहे.

माझी नोकरी अंबडला, व्हॉल्व्हच्या कारखान्यात, क्वालिटी डिपार्टमेंटला. एकोणीस वर्षं. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय आमच्या गेटातून लोखंडाचा तुकडा आत येत नाही. हीट नंबर, म्हणजे धातूच्या बॅचचा नंबर, जुळला नाही तर ट्रक परत. आणि आईच्या तोंडात जाणारी वस्तू मी न पाहता 'आण' म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे लक्षात आलं आणि वाचायला बसलो.

गोष्ट तशी सरळ आहे. गांजाच्या झाडाचा फुलोरा अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवतात, त्यात जे जे उतरेल ते उतरू देतात आणि मग द्रावक उडवून टाकतात. खाली उरतो तो डांबरासारखा काळपट हिरवा चिकट लगदा. त्यात नशा आणणारं टीएचसी असतं, नशा न आणणारं सीबीडी असतं, सुगंधी द्रव्यं, मेण, पानांचं हरितद्रव्य, सगळंच. काही गाळून वेगळं काढलेलं नसतं, म्हणून 'फुल एक्स्ट्रॅक्ट'. बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरून विकतात, कारण चमच्याने घ्यावं तर चमच्यालाच चिकटून बसतं. कच्च्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. असतं त्याचं आम्लरूप, टीएचसीए. ते खाल्लं तर नशा होत नाही. उष्णता लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी तयार होतं. म्हणून गांजा ओढतात आणि भांग तुपात परततात. आपल्याकडे हे रसायनशास्त्राची वाट न पाहताच चाललं होतं. टीएचसीची रचना शोधली ती मेशूलम आणि गाओनी यांनी, १९६४ साली इस्रायलमध्ये.

या तेलाचं दुसरं नाव आरएसओ, रिक सिम्पसन या कॅनेडियन माणसावरून. २००३ च्या सुमारास त्याने स्वतःच्या कातडीवरच्या कॅन्सरला हे तेल लावलं, तो बरा झाला असं तो सांगतो. तिथून ९० दिवसांत ६० ग्रॅम हा मंत्र जगभर गेला. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तो आला, एका काकांकडून, खाली हात जोडलेले. माणसांवरच्या चाचण्यांतून या तेलाने कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. जे झालंय ते याहून लहान आणि नेमकं आहे: केमोच्या उलट्यांसाठी टीएचसीची कृत्रिम रूपं बऱ्याच वर्षांपासून औषध म्हणून आहेत, आणि लहान मुलांच्या दोन दुर्धर फिट्सच्या आजारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मला आईचा कॅन्सर बरा करायचा नव्हता, तो सर्जनने केला होता. मला रात्रीचे चार तास हवे होते.

भाच्याला विचारलं, द्यायचं किती? म्हणाला, "सुरुवातीला तांदळाचा अर्धा दाणा."

हे माप ऐकून माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. कुठला तांदूळ? बासमती की इंद्रायणी? घरून इंद्रायणीचे दहा दाणे रुमालात बांधून नेले आणि लॅबच्या काट्यावर ठेवले. ०.१८ ग्रॅम. म्हणजे दाण्याला १८ मिलिग्रॅम. तांदळापेक्षा तेल हलकं, म्हणून त्याच आकाराचा तेलाचा कण १३ च्या आसपास धरला. सिरिंजवर टीएचसी ७० टक्के लिहिलेलं, भाच्याने फोटो पाठवला होता. १३ चे ७० टक्के म्हणजे ९ मिलिग्रॅम, अर्ध्या दाण्यात साडेचार. आता गंमत बघा: त्याच कॅनडात खाण्याच्या पदार्थाच्या एका अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी भरायला परवानगी नाही. एक भाताचा दाणा म्हणजे एक पाकीट. आणि १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये अशी सत्तरेक पाकिटं. अडुसष्ट वर्षांच्या, चष्मा लावूनही सुईत दोरा न ओवता येणाऱ्या बाईला तुम्ही सिरिंजमधून अर्धा दाणा काढायला सांगताय.

दरम्यान खरेदीचा पहिला प्रयोग करून झाला होता. कॉलेज रोडवरच्या एका चकचकीत दुकानात 'हेम्प ऑइल' दिसलं, हिरवंगार, पाव लिटर, साडेसहाशे रुपये. हेम्प म्हणजे गांजाचंच झाड, मला वाटलं सापडलंच. आठ दिवस आईला रात्री चमचाभर दिलं. फरक शून्य. मग मागचं लेबल वाचलं: हेम्प सीड ऑइल. बियांचं तेल. बियांत या द्रव्यांचा मागमूसच असतो, आणि कायदाही तसाच आहे: २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, हेम्पचं बी खाद्य म्हणून मान्य केलं तेव्हा तेलात किलोमागे १० मिलिग्रॅम टीएचसीची वरची मर्यादा घातली. नशा यायची तर अख्खा डबा प्यावा लागेल. तेल वाईट नव्हतं हो. आईने ते शेंगदाण्याच्या चटणीवर घातलं, म्हणाली, "जवसासारखं लागतं. पण पायांना काय चटणी लावू?"

दुसरा प्रयोग टेलिग्रामवर. एकाने सिरिंजचे फोटो लावले होते, खाली 'मलाना' (चरससाठी प्रसिद्ध असलेलं हिमाचलातलं गाव) आणि 'कॅन्सर क्युअर'. ५ मिलिलिटरचे सहा हजार, निम्मे आधी. मी सवयीने टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. उत्तर आलं, "भाई, टेस्ट खुद करके देखो." एकोणीस वर्षांत इतकं प्रामाणिक सप्लायर भेटलं नव्हतं. आत काय असेल याचा काही नेम नाही: कुठलं द्रावक वापरलं, ते पुरतं उडालं का, झाड कुठल्या जमिनीत वाढलं. हे झाड जमिनीतले जड धातू फार ओढतं. आणि रस अर्धा झाला की विषही दुप्पट दाट होतं, हे आपल्याला उसाचा रस आटवताना कळतं पण तेल घेताना कळत नाही. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हाच मुळात १९५४ च्या जादुई उपचारांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, हेही तेव्हाच कळलं.

त्या रात्री कायदा वाचला. कंटाळवाणा असेल म्हणून टाळत होतो, पण सगळी किल्ली तिथेच निघाली.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५. त्यात 'कॅनाबिस' म्हणजे काय ते तीन तुकड्यांत सांगितलंय. एक चरस: झाडापासून वेगळी काढलेली राळ, कच्ची वा शुद्ध केलेली, आणि त्यातच स्पष्ट शब्दांत 'हशीश ऑइल', म्हणजे आटवून केलेलं दाट तेल. दोन, गांजा: फुलांचे-फळांचे शेंडे; पण बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती यात धरलेली नाहीत. तीन, या दोन्हींचं कुठलंही मिश्रण. मी ते दोनदा वाचलं. भाचा ज्याला तेल म्हणत होता त्याला माझ्या देशाचा कायदा चरस म्हणतो. १०० ग्रॅमच्या आत असेल तर 'अल्प मात्रा', पण अल्प म्हणजे माफ नव्हे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. देशाबाहेरून आणण्याला वेगळं कलम, तेवीस. शिवाय कॅनडाही ते सीमेबाहेर नेऊ देत नाही. चढताना तिकडे गुन्हा, उतरताना इकडे.

पहाटे पाचला भाच्याला फोन लावला. त्याच्याकडे संध्याकाळ होती. "काही आणू नकोस. मेपल सिरप आण."

पण पानं वगळलीत, हा शब्द डोक्यात घोळत राहिला. शनिवारी रविवार कारंजावरून भद्रकालीकडे जाताना एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात शिरलो. लाकडी खण, खणांवर खडूने लिहिलेली नावं, ज्येष्ठमध आणि हिंगाचा मिळून एक वास. मालक पंचाहत्तरीचे. मी हळू आवाजात विचारलं, "विजया मिळेल का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणासाठी?"

"आईसाठी. झोप नाही."

"भांग ती. लायसनची चीज आहे, पुडीत बांधून द्यायची नाही. महाराष्ट्रात तर दारूबंदीच्या कायद्यात आहे, एकोणपन्नास सालापासून." मग जरा थांबून, "साधूंचं बघून इथे पोरं येतात मागायला. तुम्ही पंचवटीत जा, वैद्यांना नाडी दाखवा, त्यांच्या चिठ्ठीवर तयार औषध येतं हल्ली. बाटलीत."

गोदाकाठच्या माणसाला गांजा अनोळखी नाही. २०१५ च्या कुंभात तपोवनातल्या साधुग्रामात मी स्वतः आईला धरून फिरलोय, चिलमींच्या धुरातून. तेव्हा ती नाकाला पदर लावून म्हणाली होती, "काय मेला वास!" तेच झाड आता मी तिच्यासाठी शोधत होतो.

पंचवटीतल्या वैद्य मॅडमनी पाऊण तास दिला. आईची सगळी फाइल वाचली, जीभ पाहिली, तळपायांना टाचणीचं बोथट टोक लावून कुठे कळतं कुठे नाही ते पाहिलं. मी माझं पानं-शेंड्यांचं ज्ञान पाजळलं तशा हसल्या. "बरोबर. म्हणूनच आमच्याकडे येतो तो पानांचा अर्क. विजया आमच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, ई-एक म्हणतात तिला. बिब्बा, कुचला, धोतरा, वत्सनाभ, यांच्या पंक्तीला. त्यामुळे लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत असलीच पाहिजे. नसेल तर बाटली हातात घेऊ नका." शोधनही सांगितलं: पानं पाण्याने धूत राहायचं ते पाण्याचा हिरवा रंग जाईपर्यंत, वाळवायची, मग गाईच्या तुपात परतायची. मला एकदम वर्तुळ जुळल्यासारखं वाटलं. धुण्यात मळ जातो. विजयेतली कामाची द्रव्यं पाण्यात विरघळतच नाहीत, ती स्नेहात उतरतात. तूप हे द्रावकही आणि उष्णता देणारंही.

"मग हे फेकोसारखंच का?" मी.

"जातकुळी एक. तीव्रता नाही. तुमच्या आईंना तीव्रता हवीय की झोप?"

चिठ्ठी मिळाली. त्यावर औषधाचं नाव, पण कंपनी मीच निवडायची होती. त्यांनी तीन नावं तोंडी सांगितली. इथून पुढचं काम माझ्या ओळखीचं.

तिन्ही कंपन्यांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात मिलिग्रॅम होते, आणि तिघांचा अर्थ वेगळा. पहिलीने सोनेरी शिक्का मारला होता, 'लॅब टेस्टेड'. सर्टिफिकेट मागितलं तर पीडीएफ आली. बॅच नंबर बाटलीचा नव्हता, तारीख दोन वर्षांपूर्वीची. फोन केला. मुलगी गोड होती. "सर, सगळ्या बॅच सेमच असतात." हे वाक्य आमच्या कारखान्यात कुणी बोललं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतात. शेतात उगवणाऱ्या वस्तूच्या दोन बॅच सारख्या असत्या तर द्राक्षांचं ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजायला नाशकात कुणी रिफ्रॅक्टोमीटर घेतला नसता.

दुसरीचं सर्टिफिकेट नीट होतं. लॅबला मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का, रिपोर्टचा यूएलआर नंबर, बॅच जुळत होती, तपासणीची पद्धत एचपीएलसी. हे शेवटचं महत्त्वाचं: गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो आणि आम्लरूपाचं तिथल्या तिथे टीएचसी होतं, म्हणून आत मुळात काय होतं ते कळत नाही. एचपीएलसीत टीएचसी आणि टीएचसीए वेगवेगळे दिसतात. मग टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात मिळवायचं, कारण कार्बन डायऑक्साइड गेल्यावर वजन तेवढं उरतं. शिसं १० पीपीएमच्या आत, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. सगळं बसत होतं. बाटली १० मिलिलिटरची, वर '२००० मिलिग्रॅम', किंमत १,९०० रुपये.

मी कॅल्क्युलेटर काढला. नारळापासून काढलेल्या एमसीटी तेलात अर्क मिसळलेला. १० मिलिलिटर म्हणजे साडेनऊ ग्रॅम. टीएचसी २.१ टक्के म्हणजे २०० मिलिग्रॅम. सीबीडी १.४ टक्के म्हणजे १३३. दोन्ही मिळून ३३३. मग २००० कुठले? ते अर्काचं वजन. पानांतून जो लगदा निघाला तो दोन ग्रॅम घातला, त्यात मेणही आलं आणि हरितद्रव्यही. खोटं काही नाही. सोनाराने दागिन्याचं वजन खड्यांसकट सांगावं तसं. पण टेलिग्रामवरचा फोटो, कॅनडाची सिरिंज आणि ही बाटली शेजारी ठेवून लोक जेव्हा आकडे ताडून बघतात तेव्हा दागिन्याची तुलना सोन्याच्या बिस्किटाशी चाललेली असते.

तिसरीची बाटली ३० मिलिलिटर, वर '१००० मिलिग्रॅम' फक्त, २,४०० रुपये. दुकानात ठेवली असती तर कुणी उचलली नसती. सर्टिफिकेटवर टीएचसी १.२, सीबीडी ०.८, बेरीज दोन टक्के. साडेअठ्ठावीस ग्रॅमचे दोन टक्के, ५७० मिलिग्रॅम. कामाच्या मिलिग्रॅममागे दुसरीचे पाच रुपये सत्तर पैसे पडत होते, हिचे चार रुपये वीस. लेबलवर निम्मी, आत जवळजवळ पावणेदोन पट. शिवाय अर्क काढायला वापरलेल्या इथेनॉलचा अंश किती उरलाय तेही छापलं होतं, मर्यादेच्या बरंच खाली.

वैद्य मॅडमना दोन्ही कागद पाठवले. त्यांनी तिसरी निवडली, पण पैशांसाठी नाही. "पातळ आहे. थेंब लहान पडतो, चूक झाली तर लहान होते."

ऑर्डर करताना चिठ्ठी आणि आधार अपलोड करावा लागला, त्यांच्या डॉक्टरांनी फोन करून पडताळलं. पाच दिवसांत कुरिअर आलं. बिल आणि चिठ्ठीची प्रत रबर लावून बाटलीसोबतच ठेवली, अजूनही तशीच असते. दहा थेंब लॅबच्या काट्यावर: ०.४० ग्रॅम. एका थेंबात टीएचसी ०.४८ मिलिग्रॅम.

पहिला थेंब देण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं. सांगू नये असा सल्ला देणारे चार जण भेटले होते. 'ॲलोपॅथीवाले ओरडतात' म्हणून. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "कॅन्सरसाठी देणार असाल तर नाही म्हणेन. झोपेसाठी देणार असाल तर मला माहीत हवं." आईला लेट्रोझोल ही कॅन्सरवरची गोळी चालू होती. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांना अडवतं तीच बऱ्याच गोळ्या पचवतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या गोळीबरोबर हे फार जपावं लागतं. आईला ती नव्हती. एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्तचाचणी, आत्ता आणि महिन्याने करा म्हणाले. आणि प्रिगाबॅलिनकडे बोट दाखवून: "ही आणि ते, दोन्ही गुंगी आणतात. रात्री एकटं उठू देऊ नका."

पहिले दहा दिवस दोन थेंब, रात्री जेवणानंतर तूप-भाताच्या शेवटच्या घासात. आई कालनिर्णयच्या चौकटीत लिहायची: '२ थें. झोप १२ ते २.' '२ थें. झोप नाही.' '२ थें. झोप ११ ते ३, स्वप्न पडलं, आत्या आल्या होत्या.' माझ्या शिफ्ट रिपोर्टपेक्षा चांगली नोंद.

अकरावा दिवस रविवार. मी लग्नाला ओझरला, परतायला उशीर. आईने स्वतःच ठरवलं, दोनाने काही होत नाही, पाच घेते. पाऊण तास वाट पाहिली. काही होईना म्हणून आणखी पाच.

पोटातून घेतलेली विजया सावकाश चढते. एखाद-दोन तास लागतात, आणि यकृतात टीएचसीचं जे रूप होतं ते मूळच्याहून जास्त चढतं आणि सहा-आठ तास राहतं. कॉलेजात असताना आमच्यातल्या एकाने महाशिवरात्रीला 'चढतच नाही यार' म्हणून थंडाईचा दुसरा ग्लास लावला होता. त्याला आम्ही दोघांनी धरून गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदाकाठाने, घरी नेला. हे मला पाठ होतं. आईला सांगायचं राहिलं.

दीड वाजता फ्रिजच्या दांड्याला धरून उभी होती. तोंड कोरडं, छाती धडधडतेय, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. "बघ रे, ते थांबलंय का?" घड्याळ चालू होतं. तिला तासाभराचं मिनिट लागत होतं. बीपी १००/६४. वैद्य मॅडमनी झोपेतून फोन उचलला: झोपवा, उशाशी बसा, घोट घोट पाणी द्या, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल. तसं काही झालं नाही. चारपर्यंत मी तिचा हात धरून बसलो. मध्येच ती म्हणाली, "पाय आहेत, पण लांब आहेत." मग घोरायला लागली आणि सकाळी साडेनऊला उठली.

तिला चहा देऊन मी कॅलेंडरच्या त्याच चौकटीत हिशेब केला. दहा थेंब, ४.८ मिलिग्रॅम. जवळजवळ तेवढंच, जे भाचा 'सुरुवातीला अर्धा दाणा' म्हणत होता. ती सिरिंज घरात असती आणि दाणा अर्ध्याऐवजी दीड निघाला असता, किंवा 'काही होईना' म्हणून दुसरा, तर त्या रात्रीचा आकडा वेगळा असता.

बाटली आता माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. वैद्य मॅडम आणि कॅन्सरचे डॉक्टर यांच्यात एकदा फोनवर बोलणं झालं, प्रिगाबॅलिनची रात्रीची गोळी कमी केली, थेंब तीनवर थांबले. महिन्याचं एसजीपीटी ठीक आलं. पाय जळतात ते जळतातच, त्यात तिळाएवढा फरक असेल तर आई तो कबूल करत नाही. झोप मात्र साडेतीन-चार तास सलग लागते, आठवड्यातून चार-पाच रात्री. बादली मोरीत उलटी पडलेली असते.

गेल्या आठवड्यात दुसरी बाटली आली. नवी बॅच. सोबतचं सर्टिफिकेट जुन्याच बॅचचं. त्याच कंपनीचं, जिचं मी इतकं कौतुक केलं. मेल टाकला, बाटली सीलबंद ठेवली. दोन रात्री झाल्या.

काल आई कालनिर्णय आणि पेन घेऊन दारात उभी. "आज पण थेंब नाहीत?"

"रिपोर्ट यायचाय."

"तुमच्या कारखान्यात माणसं जागी राहतात का रे, रिपोर्ट येईपर्यंत?" म्हणाली, आणि चौकटीत लिहिलं: 'थें. नाही. रिपोर्ट नाही.'